फ्लोरेन्समधली येळवस

मार्गशीर्ष उतरायला लागला की धाराशिवच्या बाजारात पावट्याच्या शेंगा दिसायला लागतात. आधी एखाद्या टोपलीत, मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ढीग. त्यांच्यामागून तुरीच्या हिरव्या शेंगा येतात, चुक्याच्या जुड्या, हरभऱ्याचा ढाळा, गाजरं, बोरं. वेळ अमावस्या जवळ आली हे कळायला आमच्याकडं कॅलेंडर लागत नाही. आम्ही तिला येळवस म्हणतो. त्या दिवशी सगळी माणसं घराला कुलूप लावून शेतात जेवायला जातात, शहरात रिक्षासुद्धा मिळत नाही, आणि ज्याला शेत नाही त्याला कुणी ना कुणी ओढून आपल्या शेतात नेतं.

यंदाही मी पावट्याच्या शेंगा आणल्या. आणल्या म्हणजे आईनं आणायला लावल्या. आई माझ्याकडंच असते आता. ती गॅलरीत उन्हाला पाय पसरून शेंगा सोलत बसते आणि मी आत काही काम नसताना कपाटं आवरते, कारण त्या सोललेल्या शेंगांचा हिरवा वास आला की मला बसवत नाही. वासाचा काही दोष नाही. एका वर्षीची येळवस आम्ही इटलीत केली, फ्लोरेन्स नावाच्या गावी, एका जुन्या हॉटेलात बसून. तेव्हापासून हे असं झालं आहे.

आमचं शेत ढोकीच्या अलीकडं होतं. होतं, हे लिहायची सवय अजून लागलेली नाही. काळं रान, मधे विहीर, विहिरीवर वाकलेली चिंच. येळवसेच्या सकाळी आप्पा, म्हणजे माझे वडील, अंगावर घोंगडं घेऊन आंबिलीची बिंदगी, म्हणजे छोटी घागर, डोक्यावर घ्यायचे आणि वाटेत कुणाशी न बोलता शेतापर्यंत चालत जायचे. मागून आम्ही भाकरीचं टोपलं, भज्जीचं पातेलं, बाजरीचे उकडलेले उंडे, गव्हाची खीर घेऊन. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. पावटा, तूर, हरभरा, मेथी, चुका, असेल नसेल ते सगळं चिंचेच्या पाण्यात आणि बेसनात शिजवून केलेली ती दाट भाजी. ती वर्षातून एकदाच होते आणि दुसऱ्या दिवशी आणखी चांगली लागते. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी असायची. तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पांडव. पूजा झाली की आप्पा ज्वारीच्या ताटांतून आंबील शिंपत सगळ्या शेताला फेरी मारायचे आणि आम्ही पोरं मागून ‘हर हर महादेव’ ओरडत पळायचो. थंडीनं ओठ फुटलेले असायचे आणि आंबिलीतलं मीठ त्यांना झोंबायचं.

जेवायला बसायची एक रीत होती. ताटात सगळं वाढून व्हायचं, आंबट, तिखट, गोड, सगळं, अगदी शेवटच्या माणसाच्या ताटातली चटणीसुद्धा. मग आप्पा देवाचं नाव घ्यायचे आणि तेव्हाच हात ताटाकडं जायचे. मध्येच कुणी भाकरीचा तुकडा मोडला तर आई नुसतं बघायची, आणि तेवढं पुरायचं.

माझं लग्न धाराशिवात झालं. सासरी तीन पिढ्या नोकरदार, कुंडीतल्या मातीशिवाय माती नाही. येळवसेला आमच्या ह्यांना चार ठिकाणची आमंत्रणं असतात आणि ते आनंदानं कुठंही जाऊन जेवतात. मला ते कधी जमलं नाही. मी आपली पदर खोचून माहेरच्या शेतात. तिथं मला कुणी बोलवायचं नाही आणि कुणी या म्हणायचं नाही, कारण मी पोहोचले की वाढायलाच लागायची. शाळेत मुलांना शिकवते, घरी सासूचं ऐकलं, आता सुनेचं ऐकते. जिथं मला कुणाचं काही ऐकावं लागत नव्हतं अशी ती एकच जागा होती. रिटायर झाले की चिंचेखाली एक खोली बांधायची, हे मी मनात ठरवून ठेवलं होतं. खिडकी कुठल्या बाजूला हेसुद्धा.

आप्पा गेल्यावर शेताला तीन नावं लागली. आई, मी आणि माझा धाकटा भाऊ बसवराज, आमचा बसू. नाव लागणं वेगळं आणि शेत असणं वेगळं, हे आमच्याकडच्या कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. कायदा लेकीला वाटा देतो. मग भाऊ हक्कसोड मागतो, बहीण सही करते, भाऊ तिला साडी नेसवतो आणि माहेर शाबूत राहतं. जी सही करत नाही तिच्याविषयी लग्नाकार्यात बायका आवाज खाली आणून बोलतात. मी स्वतः अशा बायकांना नावं ठेवलेली ऐकत वाढले. तरी आमच्या घरी हा विषय निघणार नाही असं मला का वाटलं होतं कोण जाणे. बसू जर्मनीत, त्याला कशाला लागतंय रान, असं वाटलं असेल.

तर त्या वर्षी बसूनं आम्हा दोघींना तिकडं बोलावलं. नाताळची सुट्टी आहे, आई थकायच्या आधी तिला इटली दाखवू, आक्का, तूही चल. आमचे हे पेपर वाचत होते. म्हणाले, “एवढी इटली का दाखवायलाय तो?” मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. जिचा भाऊ तिला विमानात बसवतो तिनं असलं ऐकून घ्यायचं असतं का? शाळेत मी सगळ्या बायकांना सांगून झाले होते. आईला एकच काळजी, येळवस कोण करणार. बसू फोनवर म्हणाला, “वाटेकरी करतोय की.” आईनं मान हलवली. आप्पा असताना येळवस कधी चुकली नव्हती.

फ्लोरेन्समधली थंडी आपल्या थंडीसारखी नाही. आपल्याकडं ऊन वर आलं की थंडी निघून जाते, तिथं ती दगडातून वर येते. आईनं इरकल लुगडं, त्यावर बसूचं जाकीट आणि पायात नातवाचे बूट घातले होते, आणि अशा थाटात ती त्या सुंदर गल्ल्यांतून कुठंही न थबकता चालत होती. पूल बघितला, चर्च बघितलं, एका उघड्यानागड्या पुतळ्यासमोर मात्र तिनं पाठ फिरवली. मी खूष होते. हे कबूल करायला मला आज जीवावर येतं, पण मी त्या दिवसांत फार खूष होते. बसू माझा हात धरून रस्ता ओलांडायचा. लहानपणी मी त्याचा धरायची.

येळवसेच्या दिवशी तो म्हणाला, आज आपण तिघंच जेवायला जाऊ. बायको आणि मुलं दुकानं फिरायला गेली. “खास आपलं जुनं इटालियन हॉटेल शोधलंय,” तो म्हणाला. नदीपलीकडच्या गल्लीत ते होतं. बुटकं दार, आत कमानी, भिंतीवर तांब्याची भांडी आणि जुने फोटो, टेबलावर कापडाऐवजी जाड कागद. मालक सत्तरीचा, पोटावर पांढरा एप्रन बांधलेला, सगळ्यांशी मोठ्यानं बोलणारा. आईला बघून तो वाकला आणि तिची खुर्ची स्वतः ओढून दिली. आईनं त्याला नमस्कार केला. बसूनं जेवण सांगितलं आणि फोन आला म्हणून तो बाहेर गेला.

आधी पाव आला. मग भाजलेल्या पावावर टोमॅटो घातलेले तुकडे आले. मग ऑलिव्हची वाटी आली. आई हात मांडीवर ठेवून बसली. मीही. बाकीचं वाढून होऊ दे, बसू येऊ दे, मग सुरू करू. मालक दोनदा येऊन बघून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. त्यानं पाव उचलून वास घेतला, नेला, दुसरा आणला. आईनं त्याच्याकडं बघून मान डोलावली, म्हणजे ठीक आहे, आम्ही थांबलोय, तुम्ही वाढा. तो आत गेला आणि स्वयंपाकघरातून एका म्हाताऱ्या बाईला घेऊन आला. ती हात पुसत आली आणि दोघं आमच्या टेबलाशी उभी राहिली. ती काहीतरी बोलायची, आई मान डोलवायची, आणि जेवण होतं तसं पडून राहिलं होतं.

बसू परत आला आणि हे बघून पोट धरून हसला. त्यांनाही सांगितलं, तेही हसले. “आई, इथं सगळं एकदम नाही वाढत,” तो म्हणाला. “एकेक येतं. आलं की खायचं, ते संपलं की पुढचं आणतात.”

“आन् पुढं काय येतंय ते आपल्याला कसं कळायचं?” आईनं विचारलं.

“मी हाय की,” बसू म्हणाला. “मेन शेवटी येतं.”

आईनं गळ्यातल्या इष्टलिंगाच्या डबीला हात लावला, डोळे मिटले, आणि पावाचा तुकडा तोंडात घातला. “मीठच न्हाय की रे ह्यात,” म्हणाली, आणि पिशवीतून शेंगदाण्याच्या चटणीची डबी काढली. त्या गावचा पाव अळणीच असतो म्हणे, पहिल्यापासून. मालकानं चटणी चाखली, डोळ्यांतून पाणी काढलं आणि परत चाखली. किती हसलो आम्ही त्या अर्ध्या तासात. माझ्या आयुष्यातलं शेवटचं मोकळं हसणं म्हणून मी ते जपून ठेवलं असतं, पण ते कशासाठी चाललं होतं हे आता माहीत आहे.

मग खोल मातीच्या वाडग्यात ती वाफाळती भाजी आली. बसूनं नाव सांगितलं, रिबोल्लिता. पांढऱ्या घेवड्याचे दाणे, काळसर पानांचा कोबी, गाजर, आणि सगळ्याला दाटपणा यावा म्हणून शिळा पाव. गरीब माणसांचं खाणं होतं म्हणे, उरलेलं परत शिजवायचे. आईनं एक घास घेतला आणि चमचा खाली ठेवून माझ्याकडं बघितलं.

“ही तर भज्जी हाय,” ती म्हणाली.

मीही खाल्लं. चिंच नव्हती, चुका नव्हता. पण दाण्यांचा तो शिजलेला पिठूळपणा, आणि पानांचा किंचित कडवट वास, तो अगदी कोपीत बसून खातो तसा. परक्या गावात, येळवसेच्याच दिवशी. माझे डोळे भरून आले. आईनं दुसरा वाडगा मागितला. म्हातारी बाई स्वतः घेऊन आली आणि आईच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. बसूनं तिच्याशी काही बोलून आम्हाला सांगितलं, की हे हॉटेल यांच्या वडिलांचं, ही त्या मालकाची बहीण, दोघं मिळून चालवतात. ती आत, तो बाहेर. हे सगळं माझ्या भावानं स्वतःच्या तोंडानं मराठीत करून सांगितलं आणि त्याला त्यात काहीसुद्धा दिसलं नाही.

वाडगे नेल्यावर तो म्हणाला, “आक्का, एक बोलायचं होतं.”

“बोल की.”

“रानाचं. सोलरवाले मागं लागलेत. आपल्या पल्याडची सगळी रानं घ्यायलेत ते. आत्ता नाही दिलं तर आपलं मधेच अडकून राहील, कुत्रं विचारणार नाही.”

“विकायचं म्हणतोस?”

“कोण करायलंय तिथं? मी का तू?”

“विहिरीजवळचा तुकडा ठेव,” मी म्हणाले. “चिंचेचा. बाकी काय करायचं ते कर. मी रिटायर झाले की तिथं एक खोली...”

“तुकडे करून नाही घेत ते. आन् खोलीचं काय, धाराशिवात घर आहे की तुझं.” मग त्यानं माझ्या हातावर हात ठेवला. “तू हक्कसोड तेवढी करून दे. पुढचं सगळं मी बघतो. तुला कसला ताप नको. आईची पण सोय बघायला पाहिजे, इकडची थंडी तिला सोसायची नाही.”

मी आईकडं बघितलं. ती पावाच्या तुकड्यानं बशीतलं तेल टिपत होती. मला वाटलं, ती आता काही बोलेल. त्या रानात तिनं उभी हयात काढली होती, खुरपणीपासून राखणीपर्यंत. ती बोलली.

“देऊन टाक बाई. भाऊ हाय तुजा. लेकीला कशाला पायजे रान?”

“तुला माहीत होतं आई?”

“सांगितलं हुतं त्यानं. फोनवर इचारू म्हनला. म्याच म्हनलं, असं फोनवर इचारू नगं. तिला घिऊन ये, चार दिस फिरीव, चांगलं खाऊ घाल, मंग इचार.”

तिच्या आवाजात लपवाछपवी नव्हती. उलट, मुलाला नीट रीत शिकवली याचं समाधान होतं. आमच्याकडचं ताट मला तेव्हा आठवलं. सगळं समोर असतं, काय आंबट आहे, काय तिखट आहे, दिसतं, आणि दिसल्यावर माणूस पहिला घास घेतो. इथं आधी विमान आलं, मग पूल आला, मग हात धरून रस्ता ओलांडणं आलं. मी प्रत्येक गोष्ट आली तशी गोड मानून खाल्ली, आणि आता पोट भरल्यावर शेवटचं पुढं ठेवलं होतं. माहेरच्या घरी असते तर मी उठून अंगणात गेले असते, पिशवी घेतली असती, परतीच्या एस.टी.त येडशीपर्यंत रडत गेले असते आणि उद्या सांगते म्हणाले असते. तिथून उठून जायचं म्हटलं तरी मला मुक्कामाचा रस्ता माहीत नव्हता. मी हो म्हणाले.

बसूनं डोळे पुसले. खरंच पुसले. मग त्यानं गोड मागवलं, काळ्या कॉफीत भिजवलेला केक. अंडं असतं म्हणून आईनं घेतलं नाही. मी काही न विचारता सगळा खाल्ला.

उन्हाळ्यात बसू आला, सही झाली. त्यानं मला पैठणी दिली, पदरावर मोर असलेली, आमच्या भावकीत कुणाला मिळाली नसेल अशी. मी ती एकदाही नेसलेली नाही आणि कुणाला देऊनही टाकलेली नाही. पावसाळ्याआधी चिंच पाडली. आई ‘थोडे दिवस’ म्हणून माझ्याकडं आली, तिची ट्रंक आली, मग तिची देवपूजेची भांडी आली. बसू वाईट माणूस नाही. दर रविवारी फोन करतो, आईच्या गोळ्यांची नावं त्याला पाठ आहेत, मला ‘आक्का, तू आहेस म्हणून मी निवांत आहे’ म्हणतो. हे ऐकताना मी स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडते.

यंदा महानंदा वहिनीचा फोन आला. आमच्या शेताच्या बांधाला लागून त्यांचं शेत, त्यांनी विकलं नाही. “आक्का, आईंना घेऊन येळवसेला या. जीप पाठवते.” मी नाही म्हणणार होते, पण आईनं मागूनच ‘येतो’ सांगितलं आणि पावटा सोलायला बसली.

येडशीच्या पुढं रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या लागल्या. आम्ही त्यांच्यामागं रखडत गेलो. वळण आलं आणि आमचं रान दिसलं. म्हणजे काही दिसलं नाही, तारेचं कुंपण आणि आत एका ओळीत तिरक्या बसवलेल्या निळ्या काचा. विहीर कुठं होती हे मला सांगता आलं नसतं. मी आईच्या तोंडाकडं बघत होते. खरं सांगते, मला तिच्या डोळ्यांत पाणी बघायचं होतं. तेवढं दिसलं असतं तर मी तिला पुष्कळ माफ केलं असतं. आईनं डोळ्यांवर हाताची सावली धरून बघितलं.

“लई चकचकीत दिसायलंय,” ती म्हणाली.

महानंदा वहिनीच्या कोपीत पूजा झाली. त्यांच्या मुलानं आंबील शिंपत फेरी मारली. कुंपणापाशी आला आणि वळला. पंगत बसली तशी मी सवयीनं पदर खोचून भाकरीच्या टोपल्याला हात घातला, तर वहिनीनं माझा हात धरला. “आक्का, तुमी बसा. पाव्हण्यांनी उठायचं न्हाय.” किती मायेनं म्हणाली. मी बसले. माझ्या पुढ्यात ताट आलं, सगळं वाढून झालं, देवाचं नाव घेतलं, आणि मी भज्जीत भाकरी कुस्करत राहिले.

आई रंगात आली होती. शेजारच्या बायकांना ती इटली सांगत होती. कसलं हॉटेल, किती मोठं, मालकानं खुर्ची ओढून कशी दिली, त्यांची भज्जी कशी लागते. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मग आईनं माझ्याकडं बोट केलं.

“आन् तितंच बसून हिनं भावाला रान दिलं. एका शबुदात. कुटं आडवं बोलली न्हाय, रुसली न्हाय. आसली लेक हाय माजी.”

सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. कौतुकानं. दोघींनी तर मान हलवली. माझी दहावी झाली, नोकरी लागली, मुलगी डॉक्टर झाली, आई कधी चार माणसांत असं बोलली नव्हती. हे तिनं केलेलं माझं पहिलं कौतुक होतं, आणि मला ते खाली मान घालून घ्यावं लागलं.

वहिनीची सून नवीन होती, लातूरकडची. भज्जीचं पातेलं घेऊन ती माझ्यासमोर वाकली होती आणि तिथंच थांबली. तिला या कौतुकातलं काही कळलं नसावं. तिनं हळूच विचारलं, “मग तुमच्याकडं काय राहिलं, आत्या?”

मी तोंड उघडायच्या आधी आईनं उत्तर दिलं. “म्या ऱ्हायले की,” ती म्हणाली, आणि आणखी भज्जी घ्यायला तिनं ताट पुढं केलं.